दुखापतींमुळे झालेल्या मृत्यूंची नोंदवही कशी तयार करावी: पुणे जिल्ह्यात काम करणाऱ्यांसाठी

एखाद्या तालुक्यात गेल्या वर्षी अपघात, बुडणे, भाजणे, विषबाधा किंवा सर्पदंश यांमुळे किती माणसे दगावली, असे विचारले की पोलीस ठाण्यातून एक आकडा मिळतो, रुग्णालयातून दुसरा आणि जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयातून तिसरा. जनऔषधवैद्यकशास्त्राचे (कम्युनिटी मेडिसिनचे) विद्यार्थी, स्वयंसेवी संस्था आणि कधीकधी पत्रकारही यांतला सर्वात मोठा आकडा उचलतात, नाहीतर तिन्हींची बेरीज करतात. या दोन्ही पद्धती चुकीच्या आहेत. ज्या देशांत प्रत्येक मृत्यूचे कारण डॉक्टर लिहून देतात, तेथे एकाच यादीवर भागते. कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत मात्र तसे भागत नाही. भारतात २०२० साली नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी केवळ २२.५ टक्के मृत्यूंना कारणाचे वैद्यकीय प्रमाणपत्र होते. त्यामुळे येथे अपुऱ्या याद्या एकमेकींशी नावानिशी पडताळून एक यादी करावी लागते, आणि ते काम ठरलेल्या क्रमानेच करावे लागते.

पुढील सर्व टप्प्यांसाठी एक काल्पनिक उदाहरण समोर ठेवू. शिरूर तालुक्यातील ४५ वर्षांचा एक शेतकरी गळीत हंगामात रात्री मोटारसायकलवरून घरी परतत असताना रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या, मागे दिवा किंवा रिफ्लेक्टर नसलेल्या उसाच्या ट्रॉलीवर आदळतो. त्याला प्रथम वाघोलीच्या खासगी रुग्णालयात नेले जाते, तिसऱ्या दिवशी पुण्यातील ससून या सरकारी रुग्णालयात हलवले जाते आणि नवव्या दिवशी तेथे त्याचा मृत्यू होतो. या एका मृत्यूचे कागद किमान पाच ठिकाणी तयार होतात. नोंदवहीत मात्र त्याची ओळ एकच असली पाहिजे.

टप्पा १: काय मोजायचे, ते आधी लिहून ठेवा

आकडे गोळा करायला सुरुवात करून व्याख्या नंतर ठरवणे, ही सर्वात जास्त आढळणारी चूक आहे. पहिल्या कार्यालयात जाण्यापूर्वी तीन गोष्टी कागदावर असाव्यात.

पहिली गोष्ट म्हणजे व्याप्ती. केवळ ‘अपघात’ मोजायचे असले तरी आत्महत्या, खून आणि हेतू स्पष्ट नसलेले मृत्यूही सुरुवातीला यादीत घ्यावेत. कीटकनाशक पोटात गेल्याने झालेला मृत्यू पहिल्या दिवशी ‘चुकून प्राशन’ म्हणून लिहिला जातो आणि दोन महिन्यांनी त्याचे कारण बदलते. विहिरीत सापडलेल्या स्त्रीच्या बाबतीतही हेच घडते. असे मृत्यू सुरुवातीलाच वगळले, तर नंतर ते शोधून काढणे जवळजवळ अशक्य असते.

दुसरी गोष्ट ठिकाणाची. घटना कोठे घडली, मृत्यू कोठे झाला आणि मृत व्यक्ती राहायला कोठे होती, ही तीन वेगळी उत्तरे असतात. आपल्या उदाहरणात घटना आणि राहणे शिरूरचे आहे, तर मृत्यू पुणे महानगरपालिकेच्या हद्दीतला आहे. रस्ता सुधारण्यासाठी मोजणी असेल तर घटनेचे ठिकाण धरावे. मृत्युदर काढायचा असेल तर राहण्याचे ठिकाण धरावे.

तिसरी गोष्ट काळाची. रस्ते अपघातात घटनेपासून ३० दिवसांच्या आत झालेला मृत्यू मोजण्याची आंतरराष्ट्रीय पद्धत आहे. भाजणे, उंचावरून पडणे किंवा मणक्याची दुखापत यांत मात्र मृत्यू बराच उशिरा होऊ शकतो. म्हणून घटनेची आणि मृत्यूची अशा दोन्ही तारखा नेहमी लिहाव्यात आणि ३० दिवसांची चाळणी विश्लेषणाच्या वेळी लावावी. गोळा करतानाच ती लावली, तर गेलेली माहिती परत मिळत नाही.

*सावधान: पुणे महानगरपालिकेत २०१७ साली ११ आणि २०२१ साली आणखी २३ गावे समाविष्ट झाली. आपण कोणत्या तारखेची हद्द धरली आहे, हे पहिल्याच पानावर नमूद करा. तसे न केल्यास दोन वर्षांची तुलना ही प्रत्यक्षात दोन वेगळ्या प्रदेशांची तुलना ठरते.*

टप्पा २: स्रोतांची यादी आणि प्रत्येकाची हद्द

पुणे जिल्ह्यात पोलिसांच्या हद्दी तीन आहेत: पुणे शहर आयुक्तालय, २०१८ साली स्थापन झालेले पिंपरी-चिंचवड आयुक्तालय आणि पुणे ग्रामीण. रेल्वेखाली सापडून झालेल्या मृत्यूंच्या नोंदी लोहमार्ग पोलिसांकडे असतात आणि त्यांच्याकडे जायचे हमखास राहून जाते. मृत्यू नोंदणीही एका जागी नसते. दोन महानगरपालिका, पुणे, खडकी आणि देहूरोड ही तीन कटक मंडळे, नगरपरिषदा आणि ग्रामपंचायती अशा सर्व ठिकाणी निबंधक असतात.

पोलीस ठाण्यात दोन वेगळ्या नोंदवह्या पाहाव्या लागतात. गुन्हा दाखल झाला असेल तर तो प्रथम खबरी अहवालात सापडतो. गुन्हा नसेल तर मृत्यू अकस्मात मृत्यूच्या, म्हणजे बोलीभाषेत ‘अ.मृ.’च्या नोंदवहीत असतो. ही नोंद १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ नुसार होते आणि त्यापूर्वीच्या कागदांवर फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १७४ दिसेल. प्रथम अ.मृ. नोंद होऊन चौकशीनंतर गुन्हा दाखल झाला, तर तोच मृत्यू दोन्ही वह्यांत असतो. याखेरीज रुग्णालय दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत असल्यास तेथे शून्य क्रमांकाने नोंद होऊन कागद मूळ ठाण्याकडे वर्ग केले जातात, म्हणजे एकाच मृत्यूची नोंद दोन ठाण्यांत झालेली असते.

रुग्णालयात केवळ वैद्यकीय अभिलेख विभागाकडून दाखल रुग्णांची यादी घेऊन थांबू नये. मृतावस्थेत आणलेल्या व्यक्तीचा आंतररुग्ण कागद तयारच होत नाही. तिची नोंद अपघात विभागाच्या एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांना कळवायच्या प्रकरणांच्या) वहीत आणि शवागाराच्या वहीत असते. जागीच झालेले मृत्यू, म्हणजे नवले पुलाच्या उतारावर, द्रुतगती मार्गावर किंवा बांधकामाच्या मजल्यावरून पडून झालेले मृत्यू, प्रामुख्याने याच दोन वह्यांत सापडतात. शवविच्छेदन ससूनखेरीज पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयात आणि तालुक्यांच्या ग्रामीण रुग्णालयांतही होते, त्यामुळे ती सर्व केंद्रे यादीत असावीत.

यानंतर पोलीस आणि रुग्णालय या दोघांशीही बांधलेला नसलेला तिसरा स्रोत शोधावा. त्याचा उपयोग आठव्या टप्प्यात कळेल. स्मशानभूमीच्या नोंदी, आशा सेविकांच्या याद्या आणि स्थानिक वृत्तपत्रांतील बातम्या यासाठी बऱ्या पडतात. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत अपघाती मृत्यूनंतर वारसांना दोन लाख रुपये मिळतात. त्याचे प्रस्ताव कृषी विभागाकडे असतात आणि सर्पदंश, विजेचा धक्का, शेततळ्यात बुडणे असे मृत्यू तेथे तपशिलासह मिळतात. मात्र या प्रस्तावांना पोलिसांचे कागद जोडलेले असतात, म्हणून ते पडताळणीला उपयोगी असले तरी स्वतंत्र स्रोत मानू नयेत.

टप्पा ३: परवानग्या

मृत व्यक्तीचे नाव, पत्ता आणि मृत्यूचे कारण ही संवेदनशील माहिती आहे. संस्थेच्या नैतिकता समितीची मान्यता आधी घ्यावी आणि ती प्रत्येक कार्यालयाच्या पत्राला जोडावी. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे त्यासाठी आधारभूत आहेत. माहिती अधिकारात एकूण आकडे मिळू शकतात, पण नावे मिळतीलच असे नाही, आणि नावांशिवाय पाचवा टप्पा करताच येत नाही. म्हणून अर्जात ‘व्यक्तिनिहाय नोंदी पाहण्याची परवानगी’ असे स्पष्ट लिहावे. नावांची फाईल वेगळी आणि कुलूपबंद ठेवावी. विश्लेषणाच्या फाईलमध्ये केवळ क्रमांक असावा.

टप्पा ४: तक्ता आखणे आणि उतरवून घेणे

प्रत्येक स्रोताचा तक्ता सुरुवातीला वेगळा ठेवावा. त्यात पूर्ण नाव, वय, लिंग, राहण्याचा पत्ता, घटनेची तारीख व वेळ, घटनेचे ठिकाण, मृत्यूची तारीख व ठिकाण, घटनेचे जसेच्या तसे वर्णन आणि त्या कागदावरील सर्व क्रमांक असावेत: अ.मृ. क्रमांक, गुन्हा क्रमांक, एमएलसी क्रमांक, शवविच्छेदन क्रमांक.

वर्णन शब्दशः उतरवावे. पंचनाम्यात ‘उसाने भरलेल्या ट्रॉलीस पाठीमागून धडक’ असे असेल, तर तक्त्यात ‘रस्ता अपघात’ एवढेच लिहिणे म्हणजे माहिती फेकून देणे आहे. कारणाचा संकेतांक (सहावा टप्पा पाहा) नंतर केव्हाही देता येतो. पण तक्त्यातून ट्रॉली गेली की ती परत आणण्यासाठी पुन्हा ठाणे गाठावे लागते.

*पडताळणी: दर महिन्याच्या अखेरीस अ.मृ. क्रमांकांची साखळी तपासा. १४ नंतर थेट १७ आला असेल, तर मधल्या दोन नोंदी का सुटल्या, हे त्याच आठवड्यात विचारा.*

टप्पा ५: नोंदी जुळवणे

सर्वाधिक वेळ या टप्प्याला द्यावा, कारण नोंदवहीचा खरेखोटेपणा येथेच ठरतो. जुळवणी तीन फेऱ्यांत करावी.

पहिल्या फेरीत क्रमांक जुळवावेत. इन्क्वेस्ट पंचनाम्यावर, म्हणजे पोलिसांनी केलेल्या मृतदेहाच्या पंचनाम्यावर, सहसा एमएलसी क्रमांकाचा उल्लेख असतो आणि शवविच्छेदनाच्या अहवालावर ठाण्याचे नाव व अ.मृ. क्रमांक असतो. येथे निःसंदिग्ध जुळणाऱ्या जोड्या बाजूला काढाव्यात.

दुसऱ्या फेरीत नाव, वय, लिंग, तारीख आणि गाव यांचा एकत्रित विचार करावा. वयात पाच वर्षांपर्यंतचा आणि तारखेत एका दिवसाचा फरक चालवून घ्यावा, कारण पोलिसांकडील वय बहुधा अंदाजे असते आणि मध्यरात्रीनंतरच्या घटनेची तारीख दोन कागदांवर वेगळी पडते. नाव कधी आडनावापासून तर कधी स्वतःच्या नावापासून सुरू होते, विवाहित स्त्रीचे नाव एका कागदावर माहेरचे तर दुसऱ्यावर सासरचे असते आणि रुग्णालयाच्या संगणकातील इंग्रजी स्पेलिंग ठाण्यातील देवनागरीशी जुळत नाही. म्हणून सर्व नावे आधी एकाच पद्धतीने देवनागरीत लिहून, पहिले नाव, मधले नाव आणि आडनाव अशा तीन रकान्यांत विभागावीत. गावांच्या बाबतीतही असाच घोळ होतो. नुसते ‘वडगाव’ लिहिलेले असेल तर ते वडगाव शेरी, वडगाव बुद्रुक, वडगाव मावळ यांपैकी कोणतेही असू शकते. ठाण्याची हद्द पाहून पूर्ण नाव लिहावे.

तिसऱ्या फेरीत उरलेल्या संशयित जोड्या दोन व्यक्तींनी स्वतंत्रपणे पाहाव्यात आणि मतभेद असेल तेथे तिसऱ्याने निर्णय द्यावा. ‘अनोळखी इसम, वय अंदाजे ४०’ अशा नोंदी याच फेरीत येतात. त्यांतील काहींची ओळख नंतर पटलेली असते, पण ती मूळ ओळीत लिहिलेली नसते. अशी व्यक्ती एका यादीत अनोळखी आणि दुसऱ्या यादीत नावानिशी राहून दोनदा मोजली जाते.

आपल्या शेतकऱ्याचे पाहा. शिरूर भागातील ठाण्यात अपघाताची खबर आहे, वाघोलीला एमएलसी आहे, ससूनला दुसरी एमएलसी आणि शवविच्छेदन आहे, रुग्णालयाच्या हद्दीतील ठाण्यात शून्य क्रमांकाची नोंद आहे आणि मृत्यू नोंदणी महानगरपालिकेत आहे. ठाण्यातील पहिल्या खबरीत तो ‘जखमी’ आहे. मृत्यू नवव्या दिवशी झाल्यामुळे ती ओळ ‘मयत’ म्हणून सुधारली गेली का, हे मुद्दाम पाहावे लागते.

*सावधान: जुळत नाही म्हणून ओळ पुसू नका. एकाच यादीत आढळणारा मृत्यूही खरा असतो. त्यापुढे ‘एकच स्रोत’ अशी खूण करा.*

टप्पा ६: मृत्यूचे मूळ कारण ठरवणे

मृत्यूच्या कारणाचे वैद्यकीय प्रमाणपत्र रुग्णालयातील मृत्यूसाठी नमुना ४ मध्ये आणि रुग्णालयाबाहेरील मृत्यूसाठी नमुना ४अ मध्ये दिले जाते. त्यात पहिल्या भागात वरून खाली अशी कारणांची साखळी लिहायची असते. वर मृत्यूचे थेट कारण असते आणि सर्वात खालच्या ओळीत ज्यापासून सारे सुरू झाले ते कारण येते. दुखापतींच्या मृत्यूंत या खालच्या ओळीत दुखापत कशी झाली, हे आले पाहिजे.

उदाहरणातील शेतकऱ्याच्या प्रमाणपत्रावर ‘सेप्टिसेमिया’ (रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग) आणि त्याखाली ‘डोक्याला इजा’ एवढेच असेल, तर तो आकडेवारीत रस्ता अपघात म्हणून दिसणार नाही. योग्य साखळी अशी: सेप्टिसेमिया, त्याचे कारण न्युमोनिया, त्याचे कारण मेंदूतील रक्तस्राव, त्याचे कारण मोटारसायकलस्वाराची उभ्या ट्रॉलीला धडक. ‘कार्डिओरेस्पिरेटरी फेल्युअर’ हे मूळ कारण म्हणून कधीही स्वीकारू नये. मरणाऱ्या प्रत्येकाचे हृदय आणि श्वास थांबतोच.

आंतरराष्ट्रीय रोग वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत इजेचे स्वरूप एस आणि टी या अक्षरांखाली, तर बाह्य कारण व्ही, डब्ल्यू, एक्स आणि वाय या अक्षरांखाली येते. मूळ कारणासाठी यांतला दुसरा, म्हणजे बाह्य कारणांचाच संच वापरायचा. मोटारसायकलस्वार व्ही२० ते व्ही२९ मध्ये, पडणे डब्ल्यू०० ते डब्ल्यू१९ मध्ये, बुडणे डब्ल्यू६५ ते डब्ल्यू७४ मध्ये, विषारी सर्पदंश एक्स२० मध्ये आणि वीज कोसळणे एक्स३३ मध्ये येते. कीटकनाशकासाठी मात्र तीन संकेतांक आहेत: अपघाताने एक्स४८, स्वतःहून एक्स६८ आणि हेतू अनिश्चित असल्यास वाय१८. पुरावा नसेल तर वाय१८ लिहिण्यात कमीपणा नाही. घरच्यांना बरे वाटावे म्हणून एक्स४८ लिहिणे मात्र चुकीचे आहे.

वृद्धांच्या मृत्यूंबाबत येथे थांबून सांगावेसे वाटते, कारण हे मृत्यू जवळजवळ सर्व नोंदवह्यांतून निसटतात. न्हाणीघरात पाय घसरून सत्तरीतल्या आजींच्या खुब्याचे हाड मोडते, त्या अंथरुणाला खिळतात आणि दीड महिन्याने न्युमोनियाने जातात. प्रमाणपत्रावर न्युमोनिया किंवा ‘वार्धक्य’ येते, पोलिसांना कळवलेलेच नसते आणि घरच्यांनाही हा अपघाती मृत्यू वाटत नाही. मृत्यू नोंदणीच्या यादीतील साठीपुढच्या मृत्यूंत हाड मोडल्याचा उल्लेख कोठे आहे, हे वेगळे शोधावे आणि घरभेटीत ‘शेवटच्या काही महिन्यांत पडणे झाले होते का?’ हा प्रश्न प्रत्येकाला विचारावा.

*पडताळणी: संकेतांक दिलेल्या सर्व ओळींत एस किंवा टी अक्षर मूळ कारणाच्या रकान्यात किती वेळा आले, ते मोजा. ही संख्या शून्य होईपर्यंत पुढे जाऊ नका.*

टप्पा ७: घरभेट

ज्या मृत्यूंचा कोणताही वैद्यकीय कागद नाही, त्यांच्यासाठी घरी जाऊन प्रश्नावलीच्या साहाय्याने माहिती घ्यावी लागते. त्याला व्हर्बल ऑटोप्सी म्हणतात आणि जागतिक आरोग्य संघटनेची प्रमाणित प्रश्नावली उपलब्ध आहे. ही पद्धत किती आवश्यक आहे, ते देशपातळीवरील घरोघरच्या अभ्यासातून दिसले आहे. त्या अभ्यासावरून २०१० साली भारतात १५ वर्षांवरील सुमारे १,८७,००० व्यक्तींनी आत्महत्या केल्याचा अंदाज निघाला, तर त्याच वर्षी पोलिसांकडील सर्व वयांचा आकडा सुमारे १,३५,००० होता. सर्पदंशाने २००५ साली सुमारे ४६,००० मृत्यू झाल्याचा अंदाजही याच मार्गाने निघाला, आणि त्यांतील बहुसंख्य मृत्यू रुग्णालयाबाहेर झालेले होते. आपल्या जिल्ह्यात वढू येथे केईएम रुग्णालय संशोधन केंद्र २००२ पासून आसपासच्या गावांतील जन्म-मृत्यूंचा सातत्याने मागोवा घेत आहे. नवीन चमूने अशा ठिकाणची कार्यपद्धती आधी पाहून घ्यावी.

तेराव्यापूर्वी जाऊ नये आणि सहा महिन्यांहून अधिक काळही लोटू देऊ नये. आशाताईंमार्फत आधी निरोप द्यावा. सुरुवातीला प्रश्नावली बाजूला ठेवून ‘काय झालं, ते तुमच्या शब्दांत सांगा’ एवढेच म्हणावे आणि मध्ये न बोलता ऐकून, सांगितलेले जसेच्या तसे लिहावे. दुखापत कशी झाली, हे कुटुंबीय सहसा अचूक सांगतात. हेतूबाबत मात्र ते सावध असतात. शेजारी जमले असतील तर आत्महत्येविषयीचा प्रश्न विचारूच नये, तो एकांतात विचारावा. मृत्यू नोंदवला गेलेला नसेल, तर पुढे काय करायचे तेही कुटुंबाला सांगावे. नोंदणीची मुदत २१ दिवसांची आहे, पण त्यानंतरही विलंब शुल्क आणि आवश्यक ती परवानगी घेऊन नोंद होते.

*सावधान: मुलाखत घेणाऱ्याने पोलिसांचे कागद वाचून जाऊ नये. तसे केल्यास प्रश्नांचा कल त्या कागदांकडे झुकतो आणि घरभेट हा वेगळा स्रोत राहत नाही.*

टप्पा ८: सुटलेल्या मृत्यूंचा अंदाज

सर्व याद्या एकत्र करूनही काही मृत्यू कोणत्याच यादीत नसतात. त्यांचा अंदाज दोन याद्यांतील सामाईक नोंदींवरून काढता येतो. समजा, पोलिसांकडे १२० मृत्यू आहेत, रुग्णालयाकडे १५० आणि दोन्ही याद्यांत असलेले, म्हणजे जुळलेले, ९० आहेत. वेगवेगळ्या व्यक्ती झाल्या १८०. आता प्रत्येक यादीत एक मिळवून गुणाकार करावा, जुळलेल्या संख्येत एक मिळवून त्याने भागावे आणि उत्तरातून एक वजा करावा: १२१ गुणिले १५१, भागिले ९१, वजा १. उत्तर सुमारे २०० येते, म्हणजे सुमारे २० मृत्यू दोन्हीकडून निसटले.

आता पाचव्या टप्प्यात आळस झाला आणि ९० ऐवजी ७५ जोड्याच सापडल्या, असे समजा. तेच गणित सुमारे २३९ वर जाते. पंधरा जोड्या नजरेतून सुटल्यामुळे ३९ माणसे कागदावर नव्याने मेली. जुळवणी पक्की झाल्याशिवाय हे सूत्र वापरू नये, असे त्यामुळेच आग्रहाने सांगावे लागते.

दुसरी मर्यादा याहून सूक्ष्म आहे. दोन याद्या एकमेकींपासून स्वतंत्र असतात, असे हे सूत्र धरून चालते. प्रत्यक्षात रुग्णालयाने एमएलसी केली की खबर पोलिसांकडे जातेच, त्यामुळे सामाईक नोंदी वाढतात आणि अंदाज खऱ्यापेक्षा कमी निघतो. दुसऱ्या टप्प्यात तिसरा स्वतंत्र स्रोत शोधण्यास सांगितले ते यासाठी. आशा सेविकांच्या यादीतील किती मृत्यू आपल्या एकत्रित यादीत आधीच होते, ते पाहावे. शंभरापैकी तीस नव्हते, तर वीस सुटल्याचा अंदाज तोकडा आहे हे उघड होते.

टप्पा ९: दर काढणे आणि वर्ष बंद करणे

मृत्युदर दर लाख लोकसंख्येमागे द्यावा आणि भाजक तपासून घ्यावा. २०११ च्या जनगणनेत पुणे जिल्ह्याची लोकसंख्या ९४.२९ लाख होती. त्यानंतरच्या वर्षासाठी कोणता अंदाज वापरला, ते तळटीपेत लिहावे. ससूनमधील सर्व मृत्यूंना शहराच्या लोकसंख्येने भागणे ही नेहमीची चूक आहे, कारण तेथे इतर जिल्ह्यांतूनही गंभीर रुग्ण येतात. अंशात केवळ त्या प्रदेशाचे रहिवासी असावेत.

मोजलेला आकडा आणि अंदाजित आकडा नेहमी शेजारी शेजारी द्यावेत. अहवालात ‘१८० मृत्यू नावानिशी सापडले, अंदाज २००’ असे लिहावे. नुसते २०० लिहिले की वाचणाऱ्याला पुरावा आणि गणित वेगळे करता येत नाहीत.

वर्ष ३१ डिसेंबरला बंद करू नये. व्हिसेरा, म्हणजे शवविच्छेदनात काढलेले अवयवांचे नमुने, राखून ठेवलेल्या प्रकरणांत न्यायसहायक प्रयोगशाळेचा अहवाल येण्यास महिने लागतात आणि तोवर कारणाच्या रकान्यात ‘अभिप्राय राखून ठेवला’ एवढेच असते. नोंदवही पुढील वर्षी ३० जूनपर्यंत उघडी ठेवावी, त्या दिवशी अशी प्रकरणे पुन्हा पाहावीत, आणि तरीही उत्तर नसेल तर त्यांना हेतू अनिश्चित गटात ठेवून त्यांची संख्या स्वतंत्र ओळीत छापावी. जुळवणीत सापडलेल्या पण मृत्यू नोंदणीत नसलेल्या व्यक्तींची यादी, परवानगीच्या अटींत बसत असल्यास, त्या त्या निबंधकाकडे किंवा ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) त्याच महिन्यात लेखी द्यावी आणि पोच घ्यावी.